एंडलेस स्कायमध्ये पैसा टिकत का नाही: हप्ता, रिकामी फेरी आणि घाईनं घेतलेलं जहाज

लक्षण नेहमी एकच असतं. खेळ सुरू होतो, पहिल्या दोन-चार फेऱ्यांत माल विकून आकडा वाढतो, मग हळूहळू तो जागच्या जागी फिरायला लागतो आणि एक दिवस बँकेचा हप्ता भरायलाही पैसे नसतात. काही जण त्यातून सावरतात, पैसे साठवतात, मोठं जहाज घेतात, आणि आठवड्याभरात पुन्हा तिथंच येतात. माझा मावसभाऊ सांगलीत विश्रामबागला खोली घेऊन राहतो. जुन्या लॅपटॉपवर तो रात्री हाच खेळ खेळतो. त्याचं वाक्य ठरलेलं: "दादा, पैसं येत्यात की, पण ऱ्हात न्हाईत." त्याच्या खोलीवरच्या आणखी दोघांचंही तेच रडगाणं. म्हणून एकदा सगळं नीट लिहून काढतोय.

खेळ माहीत नसेल त्याच्यासाठी थोडक्यात. एंडलेस स्काय हा फुकट मिळणारा, मुक्त स्रोताचा खेळ आहे. विंडोज, मॅक, लिनक्स, तिन्हींवर चालतो आणि साध्या लॅपटॉपलाही झेपतो. १९९६ साली मॅकवर आलेल्या एस्केप व्हेलॉसिटीच्या वळणाचा आहे. वरून दिसणारं अवकाश, एक जहाज, एका ग्रहावरून दुसऱ्यावर माल नि प्रवासी न्यायचे, पैसे कमवायचे, जहाज सुधारायचं किंवा नवं घ्यायचं. पुढं कथा आहे, युद्ध आहे, परग्रहवासी आहेत. पण तिथपर्यंत पोचायला खिशात पैसा लागतो.

आता मुद्द्याचं. आपण हातातली शिल्लक बघून निर्णय घेतो, आणि खेळ मात्र पैसे दिवसाच्या हिशोबानं कापतो. फेरीला दहा हजार सुटले म्हणून आपण खूश असतो. ते दहा हजार किती दिवसांत सुटले, हे कोणी बघत नाही. अडचण इथं सुरू होते. म्हणून आधी कर्ज आणि दिवस नीट समजून घ्या, जहाजाचं नंतर बघू.

कर्जाचा खरा आकडा

नेहमीच्या सुरुवातीत तुम्ही न्यू बॉस्टन ग्रहावर असता. साल ३०१३. हातात ४,८०,००० क्रेडिट (खेळातलं चलन) असतात आणि ते सगळे कर्जाचे असतात. मुदत ३६५ दिवस, व्याज रोज ०.४ टक्के. वर्षाला नाही, रोज. हे वाक्य पडद्यावर दिसतं, पण नवीन खेळणारा ते वाचून पुढं जातो, कारण ०.४ हा आकडा डोळ्यांना काहीच वाटत नाही.

हिशोब करा. ४,८०,००० चे ०.४ टक्के म्हणजे पहिल्या दिवसाचं नुसतं व्याज १,९२० क्रेडिट. हप्ता बसतो सुमारे २,५०३. म्हणजे पहिल्या हप्त्यातले मुद्दलात जातात जेमतेम ५८३. वर्षभर काहीच न करता हप्ते भरत बसलात तर ४ लाख ८० हजारांचे ९ लाख १३ हजारांच्या पुढं जातात. आपल्याकडं पतसंस्थेनं असा दर लावला तर ठेवीदार सोडून सगळे मोर्चा काढतील.

त्यातही एक गोष्ट बहुतेकांच्या नजरेतून सुटते. सुरुवातीला जहाजाचे तीन पर्याय असतात. शटल १,८०,००० ला, स्टार बार्ज १,९०,००० ला आणि स्पॅरो २,२५,००० ला. समजा बार्ज घेतलं. हातात उरले २,९०,०००. हे पैसे खिशात नुसते पडून असतात आणि त्यांच्यावर रोज ०.४ टक्क्यानं व्याज चालू असतं. २,९०,००० वर ते होतं रोज १,१६०. काहीही न करता.

व्यापाराला भांडवल लागतं हे खरं, पण किती? बार्जमध्ये माल मावतो ५० टन. सगळ्यात महाग माल म्हणजे चैनीच्या वस्तू. टनाला हजाराच्या पुढं गेला तरी ५० टनांना ५०-७५ हजार पुरतात. मग उरलेले दोन लाख खिशात का ठेवायचे? बँकेच्या पानावर जादा रक्कम भरायची सोय आहे. तिथं २,००,००० भरा. मुद्दल २,८०,००० राहतं आणि हप्ता लगेच नव्यानं मोजला जातो: सुमारे १,४६०. रोजचे १,०४० च्या वर वाचले, तेही एकही फेरी न करता.

मावसभावाला हे सांगितलं तर तो म्हणाला, "मग हातात काय ऱ्हातंय?" राहतात ९०,०००, आणि तेवढे पहिल्या काळात बास होतात.

दिवस कधी जातो

खेळात घड्याळ सतत चालत नाही. एका ताऱ्यावरून दुसऱ्या ताऱ्याकडं उडी मारली की एक दिवस. ग्रहावर उतरून पुन्हा उड्डाण केलं की एक दिवस. बाकी तुम्ही अवकाशात तासभर घिरट्या घातल्या तरी तारीख हलत नाही. तारीख हलली की हप्ता कापला जातो, खलाशांचा पगार कापला जातो.

म्हणजे शेजारच्या ताऱ्यावर माल न्यायचा तर उड्डाणाचा एक आणि उडीचा एक, असे दोन दिवस. दोन उड्यांच्या ठिकाणी तीन दिवस. आता दोन फेऱ्या शेजारी ठेवून बघा. शेजारच्या ताऱ्यावर टनाला १२० सुटतात: ५० टनांचे ६,०००, दोन दिवसांत, म्हणजे रोजचे ३,०००. चार उड्यांवरच्या एका ग्रहावर टनाला ३०० सुटतात: १५,०००, पाच दिवसांत, म्हणजे पुन्हा रोजचे ३,०००. दुसरा आकडा बघून डोळे चमकतात, पण दोन्ही सारखेच. उलट जवळच्या फेरीत भांडवल लवकर मोकळं होतं आणि वाटेत चाचे भेटायची शक्यताही कमी.

"फक्त नफा बघू नका, नफा भागिले दिवस बघा" एवढंच मी पोरांना सांगतो. नकाशा उघडा, एम कळ. एखादा माल निवडला की कोणत्या ताऱ्यावर तो स्वस्त आणि कुठं महाग हे रंगांवरून दिसतं. एखादा तारा निवडला की तिथल्या आणि तुम्ही आहात तिथल्या भावातला फरकही दिसतो. भाव मात्र तुम्ही जाऊन आलेल्या ताऱ्यांचेच दिसतात. म्हणून सुरुवातीला आजूबाजूचे आठ-दहा तारे बघून येणं फायद्याचं असतं. प्रवासी किंवा पार्सलचं काम घेऊनच ते बघावेत, म्हणजे हिंडणं फुकट होत नाही.

रिकामी फेरी

माझ्या मते पैसा न टिकण्याचं सगळ्यात मोठं कारण हेच आहे, कर्जापेक्षाही मोठं.

माझे मामा ट्रक चालवतात. सांगलीच्या मार्केट यार्डातून हळदीची पोती भरायची आणि वाशीला टाकायची. पण त्यांचा जीव अडकलेला असतो परतीच्या भाड्यात. वाशीला गाडी खाली झाली की ते फोन घेऊन बसतात. लोखंड असो, किराणा असो, कुणाचं घरसामान असो, सांगली-मिरजेच्या बाजूचं काहीतरी मिळाल्याशिवाय निघत नाहीत. जाताना मिळालेलं भाडं डिझेल, टोल आणि हप्त्यातच जातं. जे काही सुटतं ते परतीच्या भाड्यात.

एंडलेस स्कायमध्ये डिझेलचा प्रश्न नाही. वस्तीच्या ग्रहावर उतरलं की टाकी फुकट भरून मिळते. इथं खर्च दिवसांचा. आकड्यात बघा. दोन उड्यांचा मार्ग, जाताना टनाला २०० सुटतात, ५० टनांचे १०,०००. तीन दिवस गेले. परत येताना रिकामे आलात, आणखी तीन दिवस. सहा दिवसांत १०,००० म्हणजे रोजचे १,६६७. पूर्ण कर्जाचा हप्ता २,५०३. म्हणजे तुम्ही रोज ८३६ क्रेडिटनं बुडत आहात, आणि बुडताना प्रत्येक फेरीला पडद्यावर "दहा हजार नफा" असं वाचत आहात!

आता परतीला टनाला १५० सुटणारा दुसरा माल भरा. ७,५०० वाढले. सहा दिवसांत १७,५००, रोजचे २,९१७. हप्ता निघाला, वर चारशे उरले. त्यात आधी सांगितल्याप्रमाणे दोन लाख बँकेत भरलेले असतील तर हप्ता १,४६० आणि रोज सुमारे १,४५७ शिल्लक. जहाज तेच, मार्ग तोच, माणूसही तोच.

म्हणून मार्ग निवडताना एकाच मालाचा सगळ्यात मोठा फरक शोधू नका. जोडी शोधा. इथं धान्य स्वस्त आणि तिथं महाग, तिथं जड धातू किंवा यंत्रं स्वस्त आणि इथं महाग. साधारणपणे शेतीचे ग्रह धान्य स्वस्त देतात, खाणींचे धातू, कारखान्यांचे यंत्रं आणि इलेक्ट्रॉनिक्स. खाणवाल्याला धान्य लागतं, शेतीवाल्याला यंत्रं. अशी जोडी सापडली की ती कागदावर लिहून ठेवा. मावसभावानं कॉटच्या शेजारच्या भिंतीला चिकटवलीय, घरमालकीणबाई विचारत होत्या की ही कसली समीकरणं.

त्रिकोणही चालतो. अ वरून ब, ब वरून क, क वरून परत अ. प्रत्येक टप्प्याला थोडं सुटलं तरी हरकत नाही, जहाज रिकामं पळायला नको.

एकाच मार्गावर सारखं येत-जात राहिलं तर भाव उतरतो का? उतरतो. तुम्ही जिथं विकता तिथं पुरवठा वाढतो आणि काही दिवसांनी सावरतो. पण ५० टनांनी फारसा फरक पडत नाही. ताफा काही शे टनांचा झाला की जाणवायला लागतं. तेव्हा दोन-तीन मार्ग आलटून पालटून फिरवायचे.

कामाची यादी कधी बघायची

ग्रहावर कामांची यादी असते: इतके टन अमुक ग्रहावर पोचवा, इतके प्रवासी तमुक ठिकाणी न्या. याला भांडवल लागत नाही, ही मोठी सोय. पण कामाचा माल तुमच्या गोदामातली जागा अडवतो. म्हणून काम घेण्याआधी एकच प्रश्न विचारायचा: तेवढ्या टनांत माझा स्वतःचा माल भरला असता तर दिवसाला जास्त सुटलं असतं का? प्रवाशांचं तसं नाही. ते बिछान्यांवर बसतात, मालाची जागा खात नाहीत. म्हणून आपल्या वाटेवरचे प्रवासी डोळे झाकून घ्यावेत. मुदत असलेली कामं घेताना दिवस मोजा, उतरून पुन्हा उड्डाणाचा दिवस धरून.

शटल घेतलेल्यांनी हे विशेष ध्यानात ठेवावं. शटलमध्ये माल मावतो २० टन. वरच्याच मार्गावर, वरच्याच भावानं, दोन्ही बाजूंनी भरून धावलं तरी शटल दिवसाला १,१६७ च कमावतं. पूर्ण हप्ता त्यातून निघत नाही. शटल हे प्रवाशांचं जहाज, मालाचं नाही. "मी बरोबर व्यापार करतोय तरी बुडतोय" म्हणणाऱ्यांतले निम्मे शटलवाले असतात. स्पॅरोबद्दल काय बोलायचं! दिसायला झकास, लढायला बरं, पण हप्ता डोक्यावर असताना पहिलं जहाज म्हणून घेऊ नये.

बेकायदा मालाची कामं जास्त पैसे देतात. तपासणीत सापडलात तर दंड. हप्ता भरायची मारामार असताना हा जुगार नको.

मोठं जहाज घेतलं आणि पुन्हा शून्य

दुसऱ्यांदा बुडतात ते सगळे इथं. जहाजाच्या दुकानात किंमत बघितली जाते. खाली लिहिलेली किमान खलाशांची संख्या बघितली जात नाही. तुम्ही स्वतः सोडून प्रत्येक खलाशाला रोज १०० क्रेडिट पगार. बार्ज एकट्यानं चालतं, म्हणून पगार शून्य. दहा माणसांचं जहाज घेतलं की रोज ९०० गेले, माल भरा नाहीतर भरू नका.

समजा, दहा लाखांचं एक जहाज आहे, १५० टन मावतात, खलाशी दहा. वरच्याच मार्गावर ते दिवसाला ८,७५० कमावेल. बार्जच्या तिप्पट! आता ते पूर्ण कर्जावर घेतलंत आणि दर तोच ०.४ टक्के असेल, तर नुसता त्याचा हप्ता ५,२१४. पगार ९००. उरले सुमारे २,६३६. तिप्पट मोठं जहाज घेऊन हातात पडलं ते एका बार्जच्या कमाईपेक्षा कमी. शिवाय १५० टन भरायला भांडवल तिप्पट लागणार. ते नसेल तर अर्धं जहाज रिकामं पळणार, आणि पगार मात्र पूर्ण.

त्याऐवजी आणखी दोन बार्ज घेतली तर? ३,८०,००० लागले. तेही सगळे कर्जावर घेतले तरी हप्ता १,९८२. दोन जादा जहाजांवर एकेक माणूस, पगार २००. तीन बार्ज मिळून १५० टन, कमाई तीच ८,७५०, उरतात सुमारे ६,५००. हा फरक बघितला की जहाजाच्या चित्रावरचं प्रेम थोडं कमी होतं.

इथं कोणी म्हणेल, मग सुरुवातीलाच बँकेत दोन लाख भरण्यापेक्षा दुसरं बार्ज का घेऊ नये? निव्वळ आकड्यात तेच जास्त फायद्याचं आहे. दुसरं बार्ज दिवसाला २,८०० आणेल, हप्त्यात वाचतील १,०४० च. तरी मी नवख्याला आधी कर्ज कमी करायलाच सांगतो. एक तर दुसरं बार्ज घेतल्यावर हातात एक लाखच उरतो आणि १०० टन महाग माल भरायला तो कमी पडतो. दुसरं, तुम्हाला अजून मार्ग माहीत नसतात. तिसरं, बार्ज म्हणजे लढायला कमजोर, संथ डबा. चाच्यांनी एक उडवलं की १,९०,००० गेले आणि कर्ज जागेवर. मार्गाची जोडी पक्की झाली, दोन-चार फेऱ्या नीट झाल्या, की मग दुसरं बार्ज जरूर घ्या.

चाच्यांचं गणितही दिसतं. आय कळ दाबून तुमच्या माहितीच्या पानावर जा. ताफ्याची मालाची क्षमता वाढली की चाचे जास्त आकर्षित होतात आणि शस्त्रं वाढली की कमी. म्हणून तीन-चार मालवाहू झाल्यावर एखादं लढाऊ जहाज सोबत ठेवणं हा खर्च नव्हे, विमा आहे. त्याचाही पगार आधी मोजा. ज्या जहाजाची सध्या गरज नाही ते ग्रहावर उभं करून ठेवता येतं. उभ्या जहाजाच्या खलाशांना पगार लागत नाही.

सुधारणा केल्यावर जहाज नीट चालत नाही

ही तक्रार वेगळी, पण पैशाशीच जोडलेली. नवं इंजिन बसवलं, नवी तोफ बसवली, आणि जहाज मध्येच बंद पडतं. वीज पुरत नाही, नाहीतर जहाज तापतंय. जहाजाच्या माहितीत एक तक्ता असतो: नुसतं उभं असताना, चालताना, गोळीबार करताना, ढाल भरताना किती वीज लागते आणि किती उष्णता होते. बेरीज तुमच्या जनित्राच्या बाहेर गेली असेल तर बॅटरी संपेपर्यंतच सगळं चालेल. उष्णता मर्यादेबाहेर गेली तर जहाज थंड होईपर्यंत निकामी होतं आणि चाच्यांसमोर ते कसं दिसतं हे सांगायला नको. आधी जनित्र आणि थंड करण्याची यंत्रणा, मग इंजिन, मग तोफ. पोरं नेमका उलटा क्रम धरतात.

मालवाहूसाठी सगळ्यात स्वस्त सुधारणा म्हणजे मोकळ्या साधन-जागेत (यंत्रं-हत्यारं बसवायची जागा) जादा मालाची जागा बसवणं. बार्जमध्ये फार जागा नसते, तरी बघून घ्यावी.

विकत घेतलेली वस्तू किंवा जहाज पटलं नाही तर सात दिवसांच्या आत परत विका, पूर्ण किंमत मिळते. त्यानंतर किंमत रोज घसरत जाते आणि हजार दिवसांत पाव राहते. म्हणून नवं जहाज घेतल्यावर पहिले सात दिवस ते खऱ्या मार्गावर पळवून बघायचे, दिवसाचा हिशोब करायचा, आणि जमत नसेल तर लाज न बाळगता दुकानात नेऊन ठेवायचं. लुटून आणलेल्या जहाजांना आणि वस्तूंना सुरुवातीपासूनच हा पाव दर लागतो. त्यामुळं एखादं जहाज ताब्यात घेतलं की त्याची छापील किंमत बघून मनात महाल बांधू नका.

सोबतची जहाजं मागं राहतात

ताफा केल्यावर हमखास येणारी अडचण. एका उडीला १०० इंधन लागतं. प्रत्येक जहाजाची टाकी वेगळी. तुमचं मुख्य जहाज सहा उड्या मारू शकत असेल आणि बार्ज त्यापेक्षा कमी, तर लांबच्या मार्गावर बार्ज मध्येच थांबतं. माल सगळ्या ताफ्यात वाटलेला असतो. तुम्ही पुढं जाऊन विकायला बसता तेव्हा टन कमी दिसतात आणि वाटतं खेळानं चोरले. मार्ग नेहमी सगळ्यात छोट्या टाकीवरून ठरवा. वाटेत वस्तीचा ग्रह असेल तर उतरा. एक दिवस जाईल, पण मागं राहिलेलं जहाज आणायला त्याहून जास्त जातात. तुम्ही स्वतःच अडकलात तर जवळच्या मैत्रीपूर्ण जहाजाला टी कळ दाबून हाक मारा, बहुतेक वेळा ते इंधन देतं.

सेव्ह आधीच बुडालेला असेल तर

हप्ते थकलेत, पतही घसरत चाललीय. पत ४०० वर सुरू होते. रोज सगळं देणं भरलं गेलं तर एक गुण वाढतो, थकलं तर पाच कमी होतात. वरची मर्यादा ८००, खालची २००. नवं कर्ज घेताना दर या पतीवरून ठरतो. ४०० ला रोज ०.४ टक्के, ८०० ला ०.२. म्हणजे आज न भरलेला हप्ता उद्याच्या जहाजाला महाग पडतो. जुन्या कर्जाचा दर पत वाढली तरी बदलत नाही. पत सुधारल्यावर कमी दरानं नवं कर्ज मिळत असेल तर ते घेऊन जुनं फेडून टाका.

बाहेर यायची वाट अशी. पहिल्यांदा खलाशी असलेली आणि सध्या कमाई न करणारी जहाजं उभी करा, म्हणजे पगार थांबेल. मग न वापरलेल्या तोफा, जादा यंत्रं विका. भाव पडलेला असेल, तरी थकीत रकमेवरचं व्याज थांबवणं महत्त्वाचं. हातात मालाचं भांडवल नसेल तर व्यापार विसरा. दोन-तीन दिवस फक्त कामांच्या यादीवर जगा, प्रवासी आणि भाड्याचा माल, एकाच दिशेचे. थोडं भांडवल साठलं की शेजारच्या ताऱ्याबरोबर जोडी. लांबची फेरी सध्या नकोच.

पाच-सात फेऱ्यांत रोजचा आकडा हप्त्याच्या वर गेला नाही, तर सेव्हच्या यादीत जुनी प्रत आहे का बघा. खेळ ग्रहावर उतरताना-उडताना स्वतः सेव्ह करतो. पावसाळ्यात मिरज-सांगलीकडं लाइट गेली तर मधल्या उड्या जातात, बाकी सगळं राहतं. पण आपोआप होणाऱ्या प्रतींतल्या मोजक्याच मागच्या प्रती राहतात, नव्या आल्या की जुन्या निघून जातात. खेळाडू निवडायच्या पानावर वेगळी प्रत काढून ठेवायची सोय आहे. कोणतंही नवं जहाज घेण्याआधी ती काढा आणि नावात त्या दिवशीची रोजची कमाई लिहून ठेवा. नवं जहाज त्या आकड्याच्या वर गेलं का, हे सातव्या दिवसाच्या आत कळायला हवं.